हरिबाच्या हाताची चव

सावळारामने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, तोंडात टाकला, डोळे मिटले आणि नेमकं बोलू नये ते बोलला.

"चांगलं झालंय. पर हरिबाच्या हाताची सर न्हाई."

गिताबाईने तव्यावरची भाकरी उलटायची थांबवली आणि ती तशीच करपू दिली. नवऱ्याने एखाद्या परक्या बाईच्या हाताचं कौतुक केलं असतं तर तिने चारचौघांत भांडून त्याचा निकाल लावला असता. इथे कौतुक होतं ते एका मिशाळ बाप्याचं, ज्याला स्वतःच्या घरात पाण्याचा तांब्या कुठे असतो ते माहीत नव्हतं. त्यात भांडायचं काय आणि कुणाशी? पण जळायला कुणाची परवानगी लागत नाही. गिताबाई हरिबावर जळत होती, सहा वर्षं जळत होती, आणि ते ती लपवतही नव्हती.

त्यांची वस्ती केंदूरच्या पलीकडे, माळाच्या कडेला. ज्वारीची काढणी उरकली आणि रान मोकळं झालं की वस्तीवरचे आठ-नऊ गडी सशांच्या मागे निघत. झुडपांच्या आडून वाघर, म्हणजे सशाचं लांबलचक जाळं लावायचं, आणि माळभर आरडत ससे त्याच्यात हाकायचे. शिकार मिळाली की तिचं पहिलं जेवण वेळ नावाच्या नदीच्या काठावरच शिजायचं. ते घराच्या उंबऱ्यात आणायचं नाही, गड्यांचं जेवण उरकेपर्यंत त्याला बाईमाणसाने शिवायचं नाही. हे कुणी आणि कधी ठरवलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पाळत मात्र सगळे. आणि ते रांधायचा हरिबा. त्याचा एक गुडघा कामातून गेलेला, पळता येत नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी त्याला पातेल्यापाशी बसवला होता. पुढे लोक म्हणू लागले की त्याच्या हाताला चव आहे, आणि मग हरिबालाही तसं वाटू लागलं.

गिताबाईने काय करून पाहिलं नाही? मिरची बदलली, सुकं खोबरं वाढवलं, मसाला शेजारणीच्या पाट्यावर वाटून आणला. एकदा तर घरातली चूल मोडून तोंड पूर्वेला येईल अशी नवी घातली. सावळाराम प्रत्येक वेळी डोळे मिटून चव घ्यायचा आणि प्रत्येक वेळी तेच म्हणायचा. शेवटी मानपान गुंडाळून ती हरिबाच्या बायकोकडे, अनसाबाईकडे गेली आणि हरिबा रश्श्यात नेमकं काय घालतो ते विचारलं.

"मला काय ठावं?" अनसाबाई म्हणाली. "घरात त्यांनी कवा चुलीत लाकूड सारलं न्हाई. तुमच्यासारखंच मीबी नुसतं ऐकती, आन् जळती."

मग एके दिवशी शेरडं चारायचं निमित्त काढून गिताबाई नदीकडे गेली आणि बाभळींच्या आडून तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं. हरिबाने नदीचं पाणी पातेल्यात ओतलं, कांदे सालासकट दगडाने चेचून टाकले, मुठीने मीठ टाकलं आणि टाकलं की नाही ते विसरून पुन्हा टाकलं. मग त्याने तिखटाची पुरचुंडी सोडली. ती पुरचुंडी तिच्याच फाटक्या हिरव्या लुगड्याची होती आणि आतलं काळं तिखट सावळारामने तिच्याच डब्यातून नेलेलं होतं. म्हणजे तिखट तिचं आणि नाव हरिबाचं. तिचा असा संताप झाला की मुठीतल्या काठीचे दोन तुकडे झाले.

पण खरी गोष्ट तिला पुढे दिसली. गडी पहाटेपासून उपाशी, सहा-सात कोस माळ तुडवून आलेले. मांस अजून शिजतंय तोवरच ते पातेल्याभोवती बसले आणि एकमेकांच्या हातावर हात आपटत जेवू लागले. त्यांतला पोपटराव तर हाड चघळता चघळता मिशीही चघळत होता. अशा भुकेला कुणी चिंचेचा पाला उकडून दिला असता तरी चव लागली असती. गिताबाईने घरी येताना मनाशी पक्कं केलं की हरिबाच्या हातात काही नाही, जे आहे ते ह्या गड्यांच्या रिकाम्या पोटात आहे. पण हे नवऱ्याला सांगून पटणार नव्हतं. त्याला दाखवायला हवं होतं.

ती संधी जावयानेच आणून दिली. जावई शंकरराव दौंडला रेल्वेत रूळ बदलणारा पॉइंट्समन होता. लग्नानंतर पहिल्यांदाच तो दोन दिवसांच्या रजेवर एकटा सासुरवाडीला आला. सावळाराम हरखून गेला आणि रात्रीच्या जेवणावर त्याने जाहीर केलं की उद्या पाहुण्याला शिकारीला न्यायचं, आणि पहिलं जेवण नदीवर नाही, आपल्या अंगणात करायचं. उंबऱ्याच्या बाहेर चालतं. रांधणार अर्थात हरिबा.

जावई तिच्या घरी आणि त्याच्यापुढे पान वाढणार हरिबा. लेक देऊन मिळवलेल्या माणसाने दौंडला जाऊन काय सांगायचं, की सासूपेक्षा लंगडा म्हातारा बरा? पण ती भांडली नाही. उलट गोड आवाजात म्हणाली की पाहुण्याने एकट्याने न्याहारी करणं बरं दिसत नाही, सगळ्याच गड्यांना सकाळी इथे बोलवा. सावळारामला वाटलं, बायको सुधारली.

पहाटे तीनला उठून तिने पुरण घातलं. दिवस उगवायच्या आत नऊ गड्यांपुढे पुरणपोळ्या, दूध, वर तुपाची धार, कटाची आमटी आणि भजी आली. ती वाढत राहिली आणि ते जेवत राहिले. नको म्हणणाऱ्याला ती जावयाची शपथ घालायची आणि जावयाला लेकीची. हरिबाने अकरा पोळ्या खाल्ल्या. जाताना प्रत्येकाच्या उपरण्यात तिने आणखी दोन-दोन बांधून दिल्या आणि त्या बांधावर पोचायच्या आत संपल्या. तिने स्वतः घोटभर चहा घेतला होता. ज्या दिवशी सहा वर्षांचा हिशेब चुकता व्हायचा, त्या दिवशी घास कसला उतरतोय?

आता त्या पोटांनी शिकार कशी होणार, हा विचार तिने केलाच नव्हता. गड्यांनी कशीबशी वाघर लावली आणि ससे हाकायला म्हणून जे निघाले ते पहिल्याच लिंबाच्या सावलीला बसले. बसले ते आडवे झाले. चैताचं ऊन, पोटात पुरण, दुपार कलेपर्यंत कुणी हललं नाही. एरवी यांच्या ओरडण्याने दहा रानं पलीकडे पळणाऱ्या सशांना त्या दिवशी माळावर एवढी शांतता वाटली, की दोन ससे आपल्या पायांनी चालत येऊन वाघरीत अडकले. शंकररावाला जाग आली तेव्हा त्याने ते पाहिले. वस्तीवर येताना मात्र प्रत्येक जण आपण कसे धावलो ते सांगत होता.

अंगणात तीन दगडांची चूल मांडली. हरिबाने गिताबाईला दाराच्या आत राहायला सांगितलं आणि जावयाकडे बघत मिशांवरून हात फिरवला. मग कांदे चेचले, मीठ टाकलं, विसरला आणि पुन्हा टाकलं. गिताबाई दाराच्या फटीला डोळा लावून बसली होती. तिला त्या वेळी देव आठवत होते.

पंगत बसली. पहिला घास सगळ्यांनी घेतला आणि दुसऱ्या घासाला कुणाचा हात पुढे जाईना. शंकरराव पाणी प्याला, पुन्हा एक तांब्या प्याला आणि नम्रपणे म्हणाला, "मामा, रस्सा जरा गरम हाय."

"मीठ दोनदा पडलं का काय, हरिबा?" पोपटराव म्हणाला.

हरिबाने स्वतः चव घेतली आणि तो पातेल्यात वाकून पाहू लागला, जणू आत दुसऱ्या कुणी काही शिजवलं होतं. सावळारामच्या तोंडात कांद्याचं साल आलं. ते बाहेर काढून त्याने ताटाच्या कडेला ठेवलं, त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग दाराकडे तोंड करून ते वाक्य बोलला, ज्याची गिताबाई सहा वर्षं वाट बघत होती.

"अगं, सकाळची आमटी हाय का उरल्याली?"

होती. तिने तेवढ्यासाठीच ठेवली होती. आमटीचे वाडगे फिरले, भुरके वाजले. शंकरराव म्हणाला की मामींच्या हाताची चव कशालाच नाही, दौंडला गेल्यावर तो हेच सांगणार. आमटी बघता बघता संपली. हरिबा गुडघा धरून उठला आणि कुणाला न सांगता घरी गेला. गिताबाईला त्याचं वाईट वाटलं का? अजिबात नाही, खोटं कशाला सांगा.

गडी पांगले, जावई अंगणातल्या बाजेवर आडवा झाला. सावळाराम गोठ्याकडे वळता वळता म्हणाला की रस्सा दोन वाडगे उरलाय, तो कुत्र्याला घाल. गिताबाई पातेलं उचलून घरामागे गेली. कुत्रा शेपूट हलवत पुढे आला. त्याला घालायच्या आधी, हा रस्सा किती वाईट आहे ते एकदा जिभेने बघून ठेवावं, म्हणजे पुढे बोलायला बरं, असं तिला वाटलं. पहाटे तीनपासून ती राबत होती, पोटात घोटभर चहा होता, आणि खायला घरात कालच्या एका भाकरीखेरीज काही उरलं नव्हतं. तिने भाकरीचा तुकडा मोडून रश्श्यात बुडवला.

तिचे डोळे आपोआप मिटले.

मीठ जास्त होतं. कांद्याचं साल दाताखाली येत होतं. हे असं चवदार का लागतंय ते तिच्याइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तरी दुसरा तुकडा बुडला, तिसरा बुडला. भाकरी संपली तेव्हा तिने बोटांनी पातेल्याची कड पुसून घेतली. कुत्रा आधी बसला, मग उठला आणि शेवटी तोंड फिरवून निघून गेला. गिताबाईला आता हरिबाचा पहिल्यापेक्षा जास्त राग आला होता.

गोठ्यातून सावळारामची हाक आली. "घातलंस का गं कुत्र्याला?"

"घातलं," तिने पदराने तोंड पुसलं.

"खाल्लं का त्यानं?"

गिताबाईने लखलखीत पातेल्याकडे पाहिलं. आता दुसरं काय सांगणार? "पातेलं पुसून खाल्लं," ती म्हणाली.

सावळाराम गोठ्यातून बाहेर आला, आणि पंगतीनंतर पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळलेला होता.

"तरीच म्हनलं," तो म्हणाला. "आमचीच पोटं भरल्याली व्हती, रस्सा काय वाईट नव्हता. मुक्या जनावराला कळतं बघ, हरिबाच्या हाताची चव." आणि हरिबाला हे सांगायला तो तसाच वस्तीच्या दुसऱ्या टोकाकडे निघाला.