चेहरा मफी

याकूबभाई परकार माणसाच्या पायांना सलाम करीत. त्यांची नजर तुमच्या वहाणांवर स्थिरावली की तिथूनच विचारपूस सुरू होई. "काय साहेब, डावा अंगठा सुजलाय. ठेचकाळलात?" निरोप घेताना ते मान वर करीत, पण तेव्हाही तुमच्या कानामागच्या भिंतीशी बोलत असल्यासारखे वाटे.

कुवेतचे युद्ध संपून काही वर्षे झाली होती. आखातातल्या मनामा शहरात, एका जुन्या इमारतीत आमच्या खोल्या समोरासमोर होत्या. ते रत्नागिरीकडचे, तरुणपणी मालवाहू जहाजावर सुतार. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून त्यांनी लाकडी मुखवटे गोळा केले होते आणि ते सारे त्यांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून टांगलेले असत. पाहुण्याला दिसत त्या केवळ पोकळ पाठी आणि डोळ्यांच्या जागची भोके. पोकळ चेहऱ्याचा एक गुण मला तिथेच कळला : तुम्ही सरकलात की तोही तुमच्या दिशेने वळल्यासारखा भासतो. त्या खोलीत मी नेहमी एकाच जागी बसून चहा संपवीत असे, आणि याकूबभाई त्याला माझी शिस्त समजत.

"हे उलटे का टांगलेत?" मी पहिल्याच भेटीत विचारले होते.

"चेहरा मफी, साहेब!" 'मफी' म्हणजे नाही, इथला प्रत्येक परदेशी माणूस हा शब्द पहिल्या आठवड्यात शिकतो. "चेहरा कोणी पण कोरील. आत बगा. हितं घाम मुरलाय, हितं हनवटी घासलीय. हा नाचलेला हाय. आन् हा कोरा, दुकानाचा माल. मला फसवलान त्या दुकानदारानं."

पाठीवरूनच ते एकेकाची ओळख करून देत. छिन्नीचे आडवे घाव असलेला तो गॅबॉनचा. पुढून पांढराफटक, मिटल्या डोळ्यांचा, म्हणजे मेलेल्या बाईचा आत्मा. "पांढरा रंग तिकडं मयताचा." हे सांगून ते मला त्याच्याखालीच बसवीत. आयव्हरी कोस्टच्या गोल डोळ्यांच्या मुखवट्याकडे आगीची राखण होती. कोरडा वारा सुटला की तो घालून एक जण गावभर धावतो आणि बायकांना चुली विझवायला लावतो. याकूबभाईंनी तो गॅसच्या शेगडीवर टांगला होता. एकदा खिडक्या बंद असताना शेगडी आपोआप विझली. सिलिंडर संपला असावा, असे मी म्हणालो. "असंल," ते म्हणाले, आणि मुखवट्याकडे वळून हळूच पुटपुटले, "शुक्रिया." सिलिंडर अर्धा भरलेला होता.

शहराबाहेर, अस्करच्या कारखान्यात आम्ही एकाच बसने जात असू. बसमध्ये ते माझ्या वहाणांशी आपुलकीने बोलत. परंतु आत गेल्यावर सर्वांनी सारखे सेफ्टी शूज चढवले की मला ओळखही दाखवीत नसत. माझ्या हातून काय चुकले असावे, याचा मी बरेच दिवस शोध घेतला. माझा स्वभावच तसा आहे. काही सापडले नाही, तेव्हा ते माझ्या नजरेतून निसटले असेल असे गृहीत धरून एका जेवणाच्या सुटीत मी त्यांची क्षमा मागितली. ते माझ्या बुटांकडे परक्यासारखे पाहत होते. माझा आवाज ऐकताच दचकले.

"साहेब, तुमी होय! मग आदी बोलायचंत ना!"

मी खजील झालो, पण उलगडा झाला नाही.

तो झाला विमानतळावर. त्यांच्या पत्नीला, हलीमाभाभींना, प्रथमच व्हिजिट व्हिसा मिळाला होता. आनंदाऐवजी याकूबभाईंचा रंग उतरला. "तुमी चला माझ्याबरोबर," ते म्हणाले आणि भाभींचा छोटा फोटो त्यांनी माझ्या हातात ठेवला.

त्या दुपारी वाळूचे वादळ होते. काचांबाहेरचा उजेड हळदीसारखा पिवळा पडला होता.

"तिनं चपला नव्या घेतलान," ते खाली बघत म्हणाले. "फोनवर सांगितलान. रंग इचारायचा राहिला."

"चपला कशाला? चेहरा बघा ना."

"चेहरा मफी, साहेब." या खेपेस त्यात थट्टा नव्हती. "माझ्या डोक्यात ऱ्हात नाय. बगितला का गेला. आरशात बगितलं तरी, हा कोण, असं वाटतं. जहाजावर सगळी घमेंडखोर म्हणायची."

"भाभींचासुद्धा?"

"घरी दारात उभी असते ती हलीमा. हितं कुठच्या दारात उभी ऱ्हाणार? तिला यातलं काय ठाऊक नाय. एवढा संसार लपवला. आज तिच्या पुढनं सरळ चालत गेलो तर तिला वाटंल, नवरा परका झाला. खलास."

मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "त्या मुखवट्यांच्या गावात बरं होतं. नाच सुरू झाला का आतल्याला ओळखायचंच नाय. बायकोला नवऱ्याचे पाय ठाऊक असतात, पण ती बोलत नाय. तितं मी सगळ्यांसारखा होतो."

दार उघडले. माणसे बाहेर येऊ लागली. मी फोटोवरून नजर उचलली. प्रवासाने थिजलेले, काळ्या बुरख्यांत चौकटबंद झालेले ते चेहरे मला एकाच हाताने कोरल्यासारखे दिसत होते. फोटोतला चेहराही त्यांच्यातच मिसळून गेला. क्षणभर मीही याकूबभाईंसारखाच झालो, आणि तो क्षण फार लांब होता.

याकूबभाईंची नजर फरशीवरून सरकत होती. तपकिरी चपलांच्या एका जोडापाशी ती थांबली. त्यांनी पाऊल उचलले. त्या बाईने अनोळखी नजरेने त्यांच्याकडे पाहिले.

तेवढ्यात डावीकडून कोणीतरी खोकले. कोरडे, मुद्दाम, दोनदा.

"अवो, हय! मी हाय. टोपी कुठं टाकलीत? सगळं टक्कल वाळूनं भरलंय!"

याकूबभाई आवाजाकडे वळले, आणि त्यांना सरळ समोर बघताना मी प्रथमच पाहिले.

ते टॅक्सी बघायला पुढे गेले. काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हणालो, "भाभी, विमानात सर्दी झाली वाटते."

"सर्दी कसली, भाऊजी?" त्या नवऱ्याच्या पाठीकडे बघत होत्या. "लगीन झाल्यापासना घरात शिरताना मी खोकतेच. त्यांना नका सांगू, मला ठाव हाय म्हणून."

खोलीत आल्यावर त्यांनी भिंतीवरच्या पोकळ पाठींवरून एकदा नजर फिरवली. मुखवटे उलटे का, हे त्यांनी विचारले नाही. बुरखा काढून त्यांनी तो मुखवट्यांच्याच शेजारच्या खिळ्याला अडकवला आणि चहाचे आधण ठेवले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात, सारख्या बुटांच्या त्या गर्दीत, याकूबभाईंजवळून जाताना मी खोकलो.

ते थबकले. माझ्या बुटांकडे बघत थोडे हसले.

"काय साहेब, हलीमाची सर्दी तुमाला पण लागली?"

सर्दीबद्दल मी त्यांना काही सांगितले नव्हते, आणि कोणाला सर्दी झालीही नव्हती; म्हणजे भाभींचा खोकला कशासाठी, हे त्यांनाही ठाऊक होते. त्या मुखवट्यांच्या गावातल्या बायकांप्रमाणे मी गप्प राहिलो.