तात्यासाहेबांकडे जाण्याचा अर्ज

तात्यासाहेबांकडे जायचं तर आधी अर्ज द्यावा लागे. मुलांनो, मी फुगवून सांगत नाही. स्नेहलतागंजात आमच्या शेजारी ते एकटेच राहत. दरबारात पाहुण्यांच्या भेटी ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पुढे संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं, तेही घरी बसले, पण कडी वाजली की आतून विचारायचेच, ‘अर्ज कुठाय? रीतसर या.’

दूधवाल्या भियाला लिहिता येत नव्हतं. मी नुकतीच लग्न होऊन आलेली, बी.ए. झालेली, ‘रोज सकाळी अर्धा शेर दूध घालण्याची परवानगी मिळावी’ असं मी त्याला लिहून दिलं. मंजूर झालं. मग गल्लीभरचे अर्ज माझ्याच गळ्यात पडले.

त्या उन्हाळ्यात कॉलऱ्याची साथ आली. मागच्या गल्लीत दोन म्हातारी माणसं गेली. देवासकडची कमला नर्स घरोघर सुया टोचत फिरत होती. तात्यासाहेब काही दार उघडेनात. मी छान कागद घेतला, वर ‘मध्यभारत शासन’ लिहिलं, खाली नर्सबाईंच्या भेटीची परवानगी मागितली आणि दाराखालून सरकवला. तांबड्या शाईत शेरा आला: ‘असे सरकार आल्याचे मला कळविलेले नाही.’ दुसऱ्या अर्जातून सरकार गाळलं. शेरा: ‘मग ही बाई कोणाची?’

सरकार घातलं तरी पंचाईत, काढलं तरी पंचाईत. कमला हसायला लागली. म्हणाली, “भाभीजी, मेरे नाम से लिख दो. कमला आती है, बस.”

पाच मिनिटांत मंजूर. का, ते मला समजलं नाही.

आत तात्यासाहेब पगडी, अंगरखा घालून बसलेले. कमलाला त्यांनी खुर्ची दिली, बाही वर केली, आणि सुई पाहताच दंड मागे घेतला.

“टोचून झाल्यावर कुठे नेणार?”

“कहीं नहीं, बाबूजी. यहीं रहोगे, अपने घर में.”

मग ते माझ्याकडे बघून बोलले. चाळीसेक वर्षांपूर्वी, प्लेगच्या वेळी, गावाबाहेरच्या झोपड्यांत न्यायच्या गाडीत आपल्या आईला त्यांनी स्वतः बसवलं होतं. ती जायला तयार नव्हती. मुलगा दरबारचा माणूस, तो सांगतोय, म्हणून गेली. “चार दिवसांत आणतो म्हणालो होतो,” एवढं बोलून त्यांनी दंड पुढे केला.

दुसऱ्या दिवशी त्यांना सुईचा ताप चढला. कमला दुपारी आली, मला घेऊन सरळ आत गेली आणि कपाळावर ओली घडी ठेवत बसली. तात्यासाहेबांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी मराठीत विचारलं, “शेवटी तिच्याजवळ कोण होतं?”

कमलानं घडी बदलली.

“मैं थी, बाबूजी.”

ती तेव्हा बावीस वर्षांची होती. तिला मराठी किती समजत होतं, हे मी पुढेही कधी विचारलं नाही. तात्यासाहेबांनी मान हलवली आणि कुशीवर वळून झोपले.