माझं पातं कोण उघडणार

आमच्या गावात माणूस झोपतो तो त्याचा चाकू मिटल्यावर आणि उठतो तो चाकू उघडल्यावर, हे शेंबड्या पोरालाही माहीत असताना मलाच ते लिहून द्यायला का लावलंय, हे मला कळलेलं नाही. वाचनालयाचा अंक निघतोय म्हणे. विषय काय, तर ‘वर्षभरात सापडलेल्या चाकूंपैकी माझा आवडता चाकू’. वाचनालयाच्या कुंभारबाई सारख्या दारात. मी म्हणालो, बाई, मी चौथीत शाळा सोडली, जन्मभर गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घातला, मला काय येतंय लिहायला. तर म्हणाल्या, “आबा, तुम्ही बोलता तसंच लिहा.” बोलतो तसं लिहिलं तर बाई छापणार नाहीत. पण ऐकतील तर शपथ.

आणि आवडता? चाकू काय आवडायचाय. मला त्याची भीती वाटते. ज्याला वाटत नाही तो मूर्ख आहे, असं माझं नाव घालून छापा.

चाकू सापडले ते गेल्या साली, नळाच्या पाइपलाइनचा चर खणताना. चावडीपासून शाळेपर्यंत चर गेला आणि रताळी निघावीत तसे चाकू निघाले. सगळे मिटायचे, खिशात मावणारे, जुन्या घडणीचे. कुणाला शिंगाची मूठ, कुणाला पितळेची, एकावर तर मोर कोरलेला, पिसारा सुद्धा. मातीत इतकी वर्षं राहून पात्याला गंज नाही. आणि सगळे उघडे. खणणाऱ्यांनी ते धुतले आणि पोत्यावर वाळत घातले. त्यातला एक मुकादमाला बरा वाटला. त्यानं तो मिटला आणि खिशात टाकला.

त्या वेळी मी बंडा न्हाव्याच्या खुर्चीत होतो. तोंडाला साबण, वस्तरा गळ्याच्या घाटीवर. बंडा त्याच्या मेव्हणीच्या लग्नातली गोष्ट सांगत होता. “आन मग सासरा म्हणला—” एवढं बोलला आणि थांबला. आरशात बघतो तर डोळे मिटलेले. मान माझ्या खांद्यावर आली, पण हात होता तिथंच राहिला, वस्तरा घाटीला टेकून. मला गिळता येईना. ओरडावं तर घाटी हलणार. मी आरशातल्या माझ्याकडं बघत बसलो. रस्त्यावरनं लोक जात होते, एकदोघांनी हात पण केला. त्यांना वाटलं दाढी चाललीय.

समोरच्या कट्ट्यावर मुकादम बसला होता, तो मला आरशात दिसत होता. त्याला सुपारीची आठवण झाली. त्यानं चाकू काढला, उघडला. बंडानं मान उचलली, “—पावणं, च्या तरी घ्या,” असं म्हणाला आणि वस्तरा वर ओढला. मुकादमानं सुपारीचं खांड तोंडात टाकून चाकू मिटला. बंडा परत माझ्या खांद्यावर. या वेळी वस्तरा गालावर होता म्हणून मी ओरडू शकलो. “अरे ए! मिटू नको!”

अर्धी दाढी तशीच ठेवून मी चावडीत गेलो.

ग्रामसेवक शिरगुप्पे शिकलेला माणूस. त्यानं तालुक्याच्या डॉक्टरला बोलावून सभा घेतली. सभेपुढचा विषय: पाती मिटण्याबाबत. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचं पातं मिटलं म्हणजे माणूस झोपलाच असं होत नाही. आम्ही म्हणालो, साहेब, डोळ्याच्या पात्याचं कोण बोलतंय? ते म्हणाले, मग कुठल्या पात्याचं? चाकूच्या, साहेब. ते म्हणाले, चाकूचं पातं माझ्याकडं येत नाही. यावर सकाळ गेली. शेवटी रखमाजी डोंगळे उठला.

रखमाजी माझा शेजारी, दोघांत एकच भिंत. आमचं बोलणं बंद होतं. कधी काळी त्याचा कोंबडा हरवला, तर यानं भर जत्रेत, पालखीसमोर, “केरबा पाटोळ्यानं माजा कोंबडा खाल्ला” म्हणून बोंब मारली. माझी बायको हौसा तेव्हा जिवंत होती, पूजेचं ताट हातात घेऊन तशीच मागं फिरली. जत्रा उठली आणि कोंबडा त्याच्याच माळ्यावरनं खाली आला. रखमाजी एका शब्दानं काही बोलला नाही. पुढं तो कोंबडा त्यानंच खाल्ला.

तर तो उठला आणि म्हणाला, “पातं म्हंजे पातं. एक डोळ्याला हाय, एक चाकूला हाय. ह्ये मिटलं की त्ये मिटतंय. ह्यात शिकायसारखं काय हाय?”

शिरगुप्पेनं तेच ठरावात घातलं. डॉक्टर जीप घेऊन गेले.

मग सगळं गाव शाळेच्या पटांगणात मांडी घालून बसवलं. शिरगुप्पे एकेक चाकू मिटायचा, जो कलंडेल त्याचा तो चाकू. गावात जेवढी माणसं तेवढेच चाकू निघाले. तान्ह्या पोरांचे सुद्धा होते, नखाएवढे. माझा निघाला शिंगाच्या मुठीचा, घट्ट. पात्यावर नख अडकवायची खाच असते, ती झिजून गेलेली. शिरगुप्पेनं तो मिटला तेव्हा मला काही कळलं नाही. एकदम तोंडात माती लागली आणि भोवतीची माणसं उठून दुसरीकडं बसलेली दिसली. शिरगुप्पे नख चोखत होता. म्हणाला, “आबा, तुमचा लई कडक आहे हो. उघडेना. हेडमास्तरांची पक्कड आणावी लागली.”

तेव्हापासनं मी झोपायची धास्ती घेतली ती घेतली.

कारण सोपं आहे. मातीत होते तोवर कसं चालायचं कुणास ठाऊक, पण वर काढल्यापासनं चाकू उघडा असेल तर माणूस झोपत नाही. पडून राहील, डोळे मिटेल, पण झोप नाही. आणि मिटला तर त्याला स्वतःला उघडता येत नाही, दुसरं कुणीतरी लागतं. म्हणून घरोघरी ठरलं. नवऱ्याचा बायकोकडं, बायकोचा सासूकडं, ज्याचं जिथं जमतं तसं. शिरगुप्पेनं मला विचारलं, “तुमचा कुणाकडं?”

“माझ्याकडं.”

“मग उघडणार कोण?”

हौसा गेली. पोरबाळ नाही. भावकीत कुणाशी मी धड बोलत नाही, तेही माझ्याशी बोलत नाहीत.

“ज्यांना कुणी नाही त्यांचे पंचायतीच्या कपाटात ठेवता येतात,” शिरगुप्पे म्हणाला. “कार्यालय उघडलं की उघडू, बंद झालं की मिटू.”

“आणि सुट्टी असली की?”

“सुट्टीला कार्यालय बंद असतं, आबा.”

“तुमची बदली झाली तर?”

“कपाटाची किल्ली पुढच्या माणसाकडं जाते.”

“तो यायला उशीर झाला तर?”

शिरगुप्पे विचार करून म्हणाला, “तशी तक्रार अजून कुणी केलेली नाही.”

कशी करणार? झोपलेला माणूस तक्रार करतोय होय.

मी चाकू घरी आणला आणि उघडाच ठेवला. झोपायचं नाही असं ठरवलं. गुऱ्हाळाच्या हंगामात मी कमी जागलोय का? पण हंगाम संपतो, हे संपेना. त्यात नामा कुरण्याचं झालं. नामाच्या बायकोनं, इंदानं, त्याचा चाकू मिटून कनवटीला लावला आणि ती धुणं धुवायला गेली. वाकली आणि चाकू विहिरीत. तीन-तीन मोटारी लावून पाणी उपसलं, खाली गाळ, गाळाखाली झरा, पाणी परत वर. नामा सोप्यात झोपलाय तो झोपलाय. इंदा त्याला कुशीवर वळवते, नखं काढते. बंडा येऊन दाढी करून जातो. पोरगी शाळेतनं आली की त्याच्या कानाशी बसून दिवसभराचं सगळं सांगते. मी एकदा बघायला गेलो. नामाच्या मिटल्या पापण्यांखाली बुब्बुळं इकडनं तिकडं पळत होती. माणूस दार शोधत फिरावा तशी. मी चहा न पिता उठलो.

आणि वरच्या आळीतल्या एकानं नारळ फोडताना स्वतःचं पातं मोडून घेतलं. त्याचं विचारू नका. तो चालतो, जेवतो. पण त्याच्याशी बोलताना लोक बाजूला बघून बोलतात.

माझे डोळे तांबडे झाले. भिंत हलायला लागली. चुलीत जाळ नसताना जाळ दिसायला लागला. मग मला एक अक्कल सुचली. पातं पूर्ण मिटायचंच नाही, अर्धं मिटायचं. या चाकूंचं पातं मध्यावर जरा अडतं, तिथंच सोडायचं. मध्यापुढं गेलं की मात्र मुठीतली पट्टी ओढून घेते, खट.

जेवणानंतर दार पुढं केलं, घोंगड्यावर उताणा पडलो, चाकू छातीवर ठेवून अर्धा मिटला. काय सांगू. पायापासनं सगळं विरघळत वर आलं. हात गेले, पाय गेले. डोळे मात्र उघडे, कान उघडे. मला वाटलं जमलं. मी गावाला हे शिकवीन, असंही मनात आलं.

मग बघतो तर पातं हलत होतं. मी श्वास घेतला की छाती वर यायची आणि पातं केसभर मुठीकडं सरकायचं. सोडला की तिथंच राहायचं, मागं येत नव्हतं. परत घेतला, परत केसभर. बोट हलवावं तर बोट माझं राहिलं नव्हतं. ओरडावं तर तोंड झोपलेलं. मी श्वास रोखून धरला. किती धरणार? श्वास घेतला तर मिटत होतो, नाही घेतला तर मरत होतो. आणि मिटलो तर या घरात येणार कोण? मी जिवंत आहे हेच कुणाच्या ध्यानात यायचं नाही. कधीतरी उचलतील आणि नेतील, आणि मी आतनं दार शोधत फिरेन. चितेवर पण.

पुढं केलेलं दार ढकलून एक कोंबडा आत आला. हल्ली कोंबडी कुठंही फिरतात, आरवून कुणी उठत नाही म्हटल्यावर त्यांना काम काय. तो माझ्या पोटावर चढला आणि चाकूकडं मान वाकडी करून बघायला लागला. चकचकीत दिसलं की कोंबडं चोच मारतं. मी मनातल्या मनात ग्रामदैवतापासनं हौसापर्यंत सगळ्यांची नावं घेतली.

“आयला, ह्यो परत हितंच!” दारात रखमाजी.

त्यानं कोंबडा हाकलला. मग मला बघितलं. “केरबा? ए केरबा!” माझ्या नाकाशी हात धरला. मग त्याला पातं दिसलं. त्यानं चाकू अलगद उचलला आणि तसाच उभा राहिला. अंगठा पात्यावर. कुठल्याही बाजूला ढकलता आलं असतं. बघत राहिला लेकाचा. फार बघितलं. मला त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

मग त्यानं पातं उघडलं.

मी उठून बसलो ते त्याच्या अंगावर धावून गेलो. “एवढा कसला विचार करत होतास रं?”

“कुठल्या बाजूला उघडतंय त्ये बघत हुतो! डोळ्यानं दिसतंय व्हय मला आता?” तो पण ओरडला. मग खाली बसला. “लगा, काय अवतार केलायस. झोप जा. मी बसतो हितं.”

“तुझ्या हातात देऊन?”

“मग कुणाच्या देतोस? शिरगुप्प्याच्या?”

“आधी माफी माग.”

“कशाची?”

“कोंबड्याची.”

“त्याला काय काळ लोटला! त्यो कोंबडा न्हाई, कापणारा न्हाई, खाणारं निम्मं न्हाईत.”

“हौसा ताट घेऊन मागं फिरली होती.”

रखमाजीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, “मागतो. पर अशी न्हाई. डोळं बघ तुजं, निम्मं ऐकू तरी येतंय का तुला? झोप काढ. उठवतो आन मागतो.”

मी चाकू त्याच्यापुढं जमिनीवर ठेवला. धार हातात देऊ नये, भांडण होतं.

“हातात दे की,” तो म्हणाला. “आपल्यात आता कुठलं भांडान व्हायचं ऱ्हायलंय?”

तरी मी जमिनीवरच ठेवला. आडवा झालो. खट झालेलं मी ऐकलं नाही.

उठलो तेव्हा दुसऱ्या दिवसाचं ऊन उंबऱ्यावर आलं होतं. रखमाजी तिथंच होता, अंगठ्याचं नख मोडलेलं, शेजारी पक्कड. “तुजा चाकू तुज्यासारखाच हाय,” म्हणाला. मी म्हणालो, माफी? तो म्हणाला, “आता बोट दुखतंय. उद्या उठलास की मागतो.” दुसऱ्या दिवशी म्हणाला, उद्या. त्यानंतरही उद्या. रोज जेवण झालं की येतो, माझं पातं मिटतो, मग घरी जाऊन स्वतःचं घरच्यांकडनं मिटवून घेतो, सकाळी पक्कड घेऊन येतो, उघडतो. मी विचारायचो, तो उद्यावर ढकलायचा. माझं चांगलं चाललं होतं.

पण या पावसाळ्यापासनं तो खोकतो. भिंतीपलीकडनं मला ऐकू येतं. पक्कड धरली की दोनदोनदा निसटते. आणि मऊ पडलाय, हे मला अजिबात आवडलेलं नाही. परवा चाकू मिटायच्या आधी म्हणाला, “केरबा, त्या कोंबड्याचं आज बोलूनच टाकतो.”

“गप. पातं मीट.”

“ऐक की. हौसावैनी मागं फिरली तवा—”

“उठल्यावर बोल.”

“उठल्यावर तू म्हंतोस च्या पिऊन बोल. च्या झाला की म्हंतोस जेवल्यावर.”

“मग जेवल्यावर बोल.”

“आन ऱ्हाऊनच गेलं तर?”

“तू उघडायचं बघ,” मी म्हणालो. “ते राहू दे.”

तो खोकला, आणि त्यानं पातं मिटलं. सकाळी उघडलं. मी त्याला तोंड उघडू दिलं नाही, तडक परसाकडं गेलो. आजही देणार नाही. आता तो येईल, पायरीवर वहाणा काढायचा आवाज आलाच आहे. माझी माफी मागायची त्याची अजून राहिलेली आहे, आणि ती राहिलेली आहे हे सगळ्या गावानं ध्यानात ठेवावं. मागणाऱ्याचं नाव रखमाजी ज्योती डोंगळे.