दोन्ही काटे

परशरामअण्णांच्या घरी पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी त्याच्यापुढं माईक यायचे. एक डावीकडं, एक उजवीकडं. "नाव सांगा, गाव सांगा, मग च्या." नाव-गाव सांगितलं तरी चहाची खात्री नसे. मशीनवरचे आवाज दाखवणारे दोन काटे सारखे हलले नाहीत, तर अण्णा पाहुण्याला पाटासकट बोटभर सरकवून पुन्हा पहिल्यापासून नाव विचारत.

टिळकवाडीत मी, एक शाळामास्तर, तळमजल्यावर भाड्यानं राहायचो आणि अण्णा बरोबर माझ्या डोक्यावर. सरकारी कचेरीत कारकून. कॅसेट अजून घरोघर पोचल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. कॅम्पातल्या एका बदली झालेल्या मेजरसाहेबाकडून अण्णांनी मोठाल्या चाकांचा स्टिरिओ टेपरेकॉर्डर घेतला, दोघांनी धरून तो जिन्यानं वर चढवला, आणि त्या दिवसापासून आम्हा शेजाऱ्यांची सुटका नव्हती. "दोन्ही काटे हलाय पायजेत, मास्तर!" हे उठता-बसता चाले. एकदा मला आणि माझ्या बायकोला त्यांनी समोरासमोर बसवून बोलायला लावलं. पाचव्या मिनिटाला म्हणाले, "वहिनींचा काटा तांबड्यात जातोय आणि तुमचा हलतच न्हाय. मशीन चांगलं हाय. तुमी बोला की!" मी काय बोलणार? लग्नाला बारा वर्षं झाली होती.

माणसाला वेड लागलंय, असं मी कितीदा तरी चिडून म्हणालो असेन. ही सगळी तालीम चालली होती, हे निपाणीहून आक्का आल्या तेव्हा कळलं.

आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. अण्णा तान्हे असतानाच आई गेली आणि आक्कांनीच त्यांना वाढवलं. पुढं निपाणीत तंबाखूच्या वखारीत आक्कांचा जन्म गेला. ती धूळ छातीत बसली. आवाज सारखा बसू लागला, आणि एक दिवस बसेल तो परत सुटणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईच्या जात्यावरच्या ओव्या आता फक्त आक्कांनाच येत होत्या. त्यांचा आवाज जायच्या आत त्या टेपवर घ्यायच्याच, असं अण्णांनी मनावर घेतलं.

आक्का दोन माइकांच्या मध्ये बसल्या. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. "हात फिरल्याबिगार त्वांडाला येत न्हाय रं, परशा." अण्णांनी त्यांच्या हातात रवी दिली. जमेना. मग माझी सायकल वर नेऊन उलटी केली आणि चाक फिरवायला दिलं. "ह्ये काय दळण हाय व्हय?" म्हणून आक्का हसल्या आणि बराच वेळ खोकत बसल्या. त्या खोकल्यानं अण्णांचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

दुसऱ्या रविवारी त्यांनी गावाकडच्या, कंग्राळीच्या घरातलं आईचं जातं टांग्यात घालून आणलं. जिन्याची एक पायरी त्यात गेली. थोड्या वेळानं खाली माझ्या ताटातल्या आमटीत गिलाव्याचा तुकडा पडला. मी तणतणत वर गेलो आणि दारातच थांबलो.

आक्कांना एकटीला जातं ओढवत नव्हतं. म्हणून समोर, आईच्या जागी, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून अण्णा खुंटा धरून बसले होते. उजवा माईक आक्कांपुढं, डावा त्यांच्यापुढं. मला त्यांनी मानेनंच गप्प केलं. जोंधळ्याची मूठ पडली, जातं घरघरलं आणि आक्का गायला लागल्या. आवाज फाटका होता. गंमत म्हणजे आधी बराच वेळ नुसतं जातं फिरे, मग एक ओळ येई. पुन्हा नुसतं जातं, पुन्हा एक ओळ. उजवा काटा उसळायचा, डावा घरघरीनं जेमतेम थरथरायचा.

दळण संपल्यावर अण्णांनी विचारलं, "आक्का, मधी मधी थांबतीस कशाला? दम लागतोय?"

"दम न्हाय रं. पैली ओळ आई म्हणायची, दुसरी मी. तिची मी कशी म्हणू?"

मी लगेच मास्तरकी केली. "अण्णा, डावी बाजू रिकामी राहिली. आक्का शब्द सांगतील, माझी बायको म्हणेल. नाहीतर काटा हलायचा नाही."

"नको, मास्तर."

अण्णांनी रीळ मागं घेतलं आणि डाव्या स्पीकरला कान लावून बसले. घरघर झाली, आक्कांची ओळ आली. पुन्हा मागं, पुन्हा तेच. तीनदा.

"मला आई ठावंच न्हाय," ते म्हणाले. "त्वांड आठवत न्हाय, आवाज न्हाय. आज एवढं तरी घावलं. तिची ओळ एवढी लांब व्हती."

आक्कांनी पदरानं डोळे पुसले. "जरा मोठी व्हती रं. ती सावकाश म्हणायची. तू जातं लई जोरात वढलंस."

अण्णा उठले. सुपात आणखी जोंधळे घेतले, पायजमा पुन्हा दुमडला आणि मला म्हणाले, "मास्तर, बटण दाबा."

या खेपेला जातं सावकाश फिरलं. डाव्या काट्याकडं अण्णांनी एकदाही पाहिलं नाही.