किती एस्ट्यांचा कायदा

आमच्या तात्यांपुढं कुठलाही सरकारी कायदा ठेवा, ते पहिला प्रश्न एकच विचारतात, "ह्याला एस्ट्या किती?"

प्रश्न वेडगळ वाटेल, पण त्यामागं पक्कं गणित आहे. काम गावच्या पंचायतीत होत असेल तर तो शून्य एसटीचा कायदा. भोरला जावं लागलं तर दोन एस्ट्यांचा, कारण आम्हाला नसरापूरला गाडी बदलावी लागते. पुण्याचं काम निघालं तर तात्या नुसतेच कपाळाला हात लावतात. मुंबईत नवा कायदा शिजायला लागला की ह्यानं पंचायतीच्या हातातलं काय काढून वर नेलं, आणि त्यापायी गावच्या माणसाच्या किती एस्ट्या वाढल्या, एवढंच ते बघतात. बाकीची कलमं हुशार लोकांनी वाचावीत.

मी ह्या गावचा पोस्टमास्तर. पोस्ट म्हणजे एक खोली, एक वजनकाटा आणि मी. कायद्याचा मसुदा निघाला की सरकार लोकांकडून हरकती आणि सूचना मागवतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ठाऊक असलं तरी कुणी मनावर घेत नाही. तात्या घेतात. पेपरातल्या ज्या नोटिशीवर आपण भजी खातो, ती ते कात्रीनं नीट कापून ठेवतात आणि "मास्तर, मसुदा आलाय," म्हणत पोस्टाची पायरी चढतात. इतकी वर्षं त्यांच्या हरकती मुंबईला धाडतोय. माझ्या नोकरीत एवढं नियमित दुसरं काही नाही.

"तात्या, तुमच्या पत्रानं मुंबई हलते का?" मी एकदा विचारलं.

"न्हाई हालली तर ऱ्हायली. मसुदा हाय तवर बोलून घ्यावं. कायदा झाला म्हंजी फकस्त पाळायचा."

बांधकामाची परवानगी पंचायतीकडून काढून वरच्या हापिसाला द्यायचं एकदा घाटत होतं. तात्यांनी लिहिलं, 'गोठ्यावर पत्रा टाकायला आमाला दोन एस्ट्या पडतील. साहेब जाग्यावर नसले तर चार. तोवर म्हस भिजंल.' सोबत म्हशीचा फोटो जोडला. दोन महिन्यांनी 'आपले पत्र मिळाले' एवढं एका ओळीचं उत्तर आलं. ते त्यांनी नसरापूरला जाऊन लॅमिनेट करून आणलं आणि पाहुण्यांना दाखवत राहिले.

त्यांच्या घरी त्यांची बायको, हिराकाकू. माहेर पाली, राजगडाच्या पायथ्याचं. शाळा चौथीपर्यंत, बोलणं त्याहून कमी. एकदा त्यांच्या ओट्यावर मी चहा पीत होतो आणि तात्या मला मसुद्याचं महत्त्व समजावत होते. कपबशा उचलता उचलता काकू म्हणाल्या, "आमच्या घरात मसुदा निघत न्हाई. सरळ कायदाच."

तात्या हसले. मीही हसलो. काकू हसल्या नव्हत्या, हे मला फार उशिरा आठवलं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. वीसेक वर्षांपूर्वी हिराकाकू ह्या गावच्या सरपंच होत्या. जागा बायकांसाठी राखीव झाली, तात्यांनी काकूंचा अर्ज भरला, काकू निवडून आल्या आणि खुर्चीत तात्या बसले. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण आजूबाजूच्या गावांतही तेच चाललं होतं. ग्रामसभेत काकू दाराशी सतरंजीवर बसायच्या. सहीचं रजिस्टर त्यांच्याकडं चुलीपाशी जायचं आणि सही होऊन परत यायचं. सरपंचांच्या नावाची टपालं मी स्वतः पाच वर्षं तात्यांच्या हातात दिली. पाकिटावरचं नाव वाचायचं हाच माझा धंदा, आणि तेवढंच मी वाचलं नाही.

तर गेल्या वर्षी एक मसुदा आला. बाई सरपंच असताना तिच्या जागी नवऱ्यानं कारभार केला, तर कारवाई व्हावी असा. तात्यांनी नोटीस कापली, पण पोस्टात काही आले नाहीत. शेजारच्या गावांतले दोन सरपंचपती मात्र मोटारसायकलवरून त्यांच्याकडं आले.

"तात्या, ह्याला चांगली कडक हरकत लिवा. तुमचा हात बसल्याला हाय."

तात्यांनी त्यांना चहा पाजला आणि "बघतो," म्हणाले. एस्ट्या किती, हे काही विचारलं नाही. मी तिथंच होतो, म्हणून सांगतो.

मुदत संपत आली तेव्हा ते पाकीट घेऊन आले. पाठवणाऱ्याच्या जागी मोठ्या, तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हिराबाई, माजी सरपंच'.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"ठावं न्हाई. म्या नोटीस तिच्याम्होरं ठेवली, म्हनलं ह्यावर तूच बोल. चार दिस लिवत व्हती. डिंक लावूनच माज्या हातात दिलं." मी पाकीट काट्यावर ठेवलं, तसे ते वाकून बघायला लागले. "वजन किती भरलं? दोन पानं तरी असत्याल न्हवं?"

ज्या माणसानं आयुष्यभर सरकारचे कागद उलटेपालटे करून वाचले, तो ते पाकीट उजेडाकडं धरायचं धाडस करत नव्हता. मला त्यांची कीव आली, आणि थोडं बरंही वाटलं.

काही दिवसांनी काकूंच्या नावानं पत्र आलं. मसुद्यावरच्या सुनावणीत म्हणणं मांडायला भोरला बोलावलं होतं. मी ते द्यायला गेलो तेव्हा तात्या ओट्यावर होते. सवयीनं त्यांनी हात पुढं केला आणि मग मागं घेतला. पत्र मी काकूंच्या हातात दिलं.

मलाही त्या दिवशी भोरला काम होतं, म्हणून तिघं मिळून निघालो. पंचायत समितीच्या सभागृहात काकूंचं नाव पुकारलं. काकूंनी पदर नीट केला, हातातली पिशवी तात्यांकडं दिली आणि एकट्या आत गेल्या. सुनावणी म्हटली की तात्या पहिल्या रांगेत असायचे. त्या दिवशी ते बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.

मग म्हणाले, "मास्तर, आमच्या दारापासनं पंचायत चाळीस पावलं. म्या परवा मोजली, ह्या मसुद्यापायी. शून्य एसटी. तरी पाच वर्सांत ती खुर्चीपतोर पोचली न्हाई." आणि पिशवीचा बंद पिळत राहिले. "वाटंत मीच व्हतो."

त्या वाटेवर मीही टपाल घेऊन उभा होतोच.

काकू बाहेर आल्या. चेहरा नेहमीसारखाच होता, फक्त चालणं जरा सावकाश झालं होतं. तात्या उठून उभे राहिले.

"काय बोललीस?"

काकूंनी त्यांच्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच हसल्या. "मसुदा हाय अजून. कायदा झाला की कळंल."

तात्यांनी पुन्हा विचारलं नाही. नसरापूरला गाडी बदलताना काकूंनी पिशवीसाठी हात पुढं केला. ते म्हणाले, "असू दे माज्यापाशी," आणि गावापर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसले.