तळहात नाकारला

या, असे जवळ या. भिंतीला पाठ लावून बसलेल्यांनीही जरा पुढे सरकावं. झांजा थंड व्हायच्या आत एक आख्यान सांगून टाकतो. पुराणातलं नाही, इब्रामपुरातलं आहे. यात राक्षस नाही, कचेरी आहे. कुणाचा वध होत नाही. फक्त एका हाताला रीतसर नकार मिळतो. तो हात सदाशिवबाबांचा.

सदाशिवबाब मूर्तिकार. त्यांच्या घराच्या पडवीला सारा गाव चित्रशाळा म्हणतो. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, गणपती दुकानातून आणायचा नसतो. आषाढात प्रत्येक घर आपला लाकडी पाट चित्रशाळेत नेऊन ठेवतं. मूर्तिकार त्याच पाटावर मातीचा गणपती घडवतो आणि चतुर्थीला यजमान तो पाटासकट डोक्यावरून घरी नेतो. पाट ठेवला की बोलणं संपलं. त्या साली सदाशिवबाबांच्या फळ्यांवर बेचाळीस घरांचे पाट होते.

मूर्तीचं बाकी सगळं काम एकीकडे आणि डोळे एकीकडे. डोळे शेवटी. त्या दिवशी सदाशिवबाब आंघोळ करून, कुणाशी न बोलता बसायचे. करंगळी आणि तळहाताची कड देवाच्या गालावर टेकवायचे, श्वास धरायचे आणि रेघ ओढायचे. हात टेकवल्याशिवाय डोळा उघडत नाही, हे त्यांना त्यांच्या बापाने सांगितलं होतं. बापाला कुणी सांगितलं, हे विचारायची पद्धत नव्हती.

श्रावण लागला आणि परिपत्रक आलं. ते काढलं होतं 'हस्तकौशल्य स्पर्श-अनुकूलन कक्षा'ने. बाहेरून प्लास्टरच्या मूर्ती येतात आणि मातीच्या म्हणून घरोघर जातात, ते रोखायचं होतं. हेतू उत्तम. आमच्याकडे हेतू नेहमी उत्तमच असतो. उपाय सुरू झाला की मात्र माणसं पाय जपून टाकतात.

परिपत्रक म्हणत होतं : 'मूर्ती हाताने घडविल्याची खातरजमा हाताकडूनच करून घेणे इष्ट असल्याने, प्रत्येक मूर्तिकाराने स्पर्श जाणणाऱ्या काचेवर देवाचे नेत्र रेखून आपला हात सिद्ध करावा. प्रत्येक तालुक्यातील उपकरण भिन्न असल्याने, कोणावरही अन्याय होऊ नये म्हणून उजवा नेत्र पेडणे येथे व डावा नेत्र डिचोली येथे रेखावा. अनुत्तीर्ण हाताची मूर्ती कोणासही देता येणार नाही.'

सदाशिवबाबांच्या बायकोने, कमलाक्षीवहिनींनी, ते दोनदा वाचून घेतलं आणि फळ्यांकडे पाहिलं. "बेचाळीस पाट आसत. लोकांक काय सांगूचा?"

"सांगूचा काय? एक रेघ ओढून येतंय," सदाशिवबाब म्हणाले आणि धुतलेला सदरा घालून निघाले.

पेडण्याला कक्षाचा अधिकारी होता सर्वेश. शिकलेला, नम्र, गळ्यात ओळखपत्र. फळीवरच्या बेचाळीसांत एक पाट त्याच्याही घरचा होता, त्यामुळे सदाशिवबाबांशी बोलताना तो टेबलाकडे बघून बोलायचा. टेबलावर ते उपकरण होतं. मुळात ते एका गेमिंग महोत्सवासाठी घेतलेलं. महोत्सव बारगळला, उपकरण उरलं. भलतंच उतावीळ होतं ते. बोट अजून हवेत असतानाच रेघ पुढे पळायची.

सदाशिवबाबांनी मनात देवाला नमस्कार केला, तळहाताची कड काचेवर टेकवली आणि बोट उचललं. काच टुंग वाजली. वर अक्षरं आली : तळहात नाकारला.

"हात टेकवायचा नाही, बाब," सर्वेश म्हणाला. "यंत्र तळहात नाकारतं. ती सोय आहे."

"कोणाची सोय?"

"चित्र काढणाऱ्याचीच. चुकून हात लागला तर रेघ बिघडू नये म्हणून."

"पण चुकून खंय लागलो? मी मुद्दाम टेकवलंय."

सर्वेशने उपकरणात शोधलं. "मुद्दाम टेकवलेला हात असा पर्याय यात नाही."

"रे पुता, हात हवेत धरून कावळो हाकलूक येता. देवाचो डोळो रेखूक येना नाय."

सर्वेशने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'अर्जदार कावळ्याबाबत बोलतात.'

सदाशिवबाबांनी नुसती करंगळी टेकवून पाहिली. एकाच वेळी दोन बोटं लागली म्हटल्यावर काचेला वाटलं, चित्र मोठं करायचं आहे. अर्धवट डोळा फुगत फुगत काठापर्यंत गेला. घाबरून त्यांनी तिसरं बोट लावलं, तर मूळचा गेम उघडला आणि देवाच्या बुबुळातून एक लाल मोटार भरधाव सुटली.

निकाल जागेवर मिळाला : 'हात अनुकूल नाही. प्रशिक्षणास पाठवावा.' पाठवायचा होता हात. सदाशिवबाब त्याच्यासोबत गेले.

प्रशिक्षण तीन दिवसांचं, मोपाच्या पठारावरच्या एका सभागृहात. डोक्यावरून विमान गेलं की सगळे मूर्तिकार वर बघत आणि त्यांचे गुण जात. कारण प्रशिक्षण म्हणजे एक गेम होता. काचेवर वरून नारळ पडायचे, ते हात न टेकवता अंगठ्याने झेलायचे. शिकवणारी सेजल मोठी गोड मुलगी. ती म्हणाली, "यातून स्पर्श हलका होतो. ज्यांचे पाच हजार गुण होतील, त्यांना गुणवत्ता सवलत. त्यांना डोळे रेखायचीही गरज नाही!"

पेडणे-डिचोलीचे वीस-बावीस मूर्तिकार, नखांत पिढ्यान् पिढ्यांची माती, ओळीने बसून नारळ झेलू लागले. एकालाही नारळ झेलता येईना. त्यांच्यातच केरीचा साईश बसला होता. तो किनाऱ्यावर छत्र्या लावायचा आणि श्रावण लागला की त्याच छत्र्यांखाली प्लास्टरचे गणपती मांडायचा. त्यालाच रोखायला हे सगळं सुरू झालं होतं. पण अर्जात 'आपण मातीत काम करता काय?' असा प्रश्नच नव्हता. स्वभावाने मात्र भला. शेजारी बसून मनापासून शिकवू लागला.

"सदाशिवबाब, आंगठो ढिलो सोडा. नारळ खंयसून पडता ता बघू नका, खंय पडतलो ता बघा."

"पुता, नारळ पडूक लागलो की मी बाजूक होतंय. जल्मभर तेंच केलंय, म्हणान हयसर बसलंय."

साईशला सहा हजार दोनशे गुण पडले. तो तालुक्यातला पहिला प्रमाणित हस्तकलाकार ठरला. सत्कारात त्याला शाल आणि नारळ मिळाला. नारळ खरा होता, त्यामुळे तो त्याच्या हातून निसटला.

सदाशिवबाबांना तिसऱ्या दिवशी तीनशे चाळीस गुण पडले. पण हात हवेत राहायला शिकला. कुठे टेकेना, कुठे थांबेना. "सुटला की हात, बाब!" सेजलने टाळ्या वाजवल्या.

त्या सुटलेल्या हाताने त्यांनी पेडण्याच्या उतावीळ काचेवर उजवा डोळा काढला. मग डिचोलीला गेले. तिथलं उपकरण जेवणाच्या मेजाएवढं आणि सुस्त. रेघ ओढावी, जनेलातून बाहेर बघावं, मग ती सावकाश उमटणार, तीही बोटाच्या एक पेर बाजूला. तिथे त्यांनी डावा डोळा काढला. कक्षाने दोन्ही तालुके जोडून चेहरा तयार केला. उजवा डोळा मोपाची विमानं मोजत होता आणि डावा स्वतःच्या मोदकावर पहारा देत होता.

खाली हिरव्या अक्षरांत आलं : 'दोन नेत्र आढळले. उत्तीर्ण.' त्याखाली बारीक अक्षरांत होतं : 'यापुढे आपल्या प्रत्येक मूर्तीची दृष्टी या नोंदणीकृत दृष्टीशी जुळणे बंधनकारक आहे. भाविकांना मूर्तीसमोर फोन धरून खात्री करता येईल.'

सदाशिवबाबांनी पेडण्याला परत येऊन त्या चित्रावर बोट ठेवलं. "सर्वेशबाब, हे डोळे चुकलेले आसत."

"चुकलेले नाहीत. नोंदलेले आहेत."

"आणि मी बरोबर रेखले तर?"

"तर ती फसवणूक होईल." मग सर्वेश आवाज खाली आणून म्हणाला, "नोंदीप्रमाणे रेखा, बाब. बेचाळीसच्या बेचाळीस मूर्तींना हिरवी खूण येईल. लोक खूण बघतात. डोळ्यांत कोण बघतो?"

"मी बघतंय रे," सदाशिवबाब म्हणाले. "डोळो उघडलो की त्याची पयली नजर माझेर पडता. तेव्हा त्याका काय सांगू? नोंद दाखवू?"

सर्वेशने या प्रश्नासाठी रकाना शोधला नाही.

चतुर्थी आठ दिवसांवर आली. सदाशिवबाबांनी आंघोळ केली, पहिला पाट समोर घेतला, कुंचला उचलला. हात हवेत थांबला. त्यांनी खाली आणायचा प्रयत्न केला, तर तो पुन्हा उचलला गेला, जणू कुठून तरी टुंग वाजणार आहे. त्यांनी रेघ ओढली. ती गालापासून एक पेर दूर, हवेत उमटली. पुन्हा ओढली. पुन्हा हवेतच. कक्षाच्या नावात अनुकूलन होतं, ते पूर्ण झालं होतं. काच होती तशीच राहिली होती.

साठीच्या पलीकडचा माणूस, जन्मात कुणासमोर रडला नव्हता. त्याने कुंचला खाली ठेवला आणि म्हणाला, "गो, माझो हात गेलो."

कमलाक्षीवहिनी नैवेद्याच्या नेवऱ्यांचं, करंज्यांचं, पीठ मळत होत्या. तशाच पिठाच्या हातांनी आल्या. त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं आणि तळहात देवाच्या गालावर दाबून बसवला.

"टेकवा. हयसर कोण नाय म्हणता?"

मातीने तळहात नाकारला नाही. सुकलेली होती, थंड होती, तळहाताला टेकू देऊन थांबली. सदाशिवबाबांनी श्वास धरला. सहा दिवसांत चौऱ्याऐंशी डोळे उघडले. प्रत्येक जोडी वेगळी, प्रत्येक बरोबर. नोंदीतल्यासारखी एकही नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी यजमान येऊ लागले. पहिला आला शेजारचा कृष्णनाथ. मूर्ती बघून त्याचे हात आपसूक जोडले गेले. "काय नजर आसा, बाब! बोलतली आता." मग जोडलेले हात सोडवून त्याने फोन काढला आणि त्या नजरेसमोर धरला. लाल खूण आली : 'दृष्टी जुळत नाही.'

कृष्णनाथ मूर्तीकडे बघे, फोनकडे बघे. डोळे समोर होते, खूण हातात होती. "आमचो तुमचेर विश्वास आसा हां," तो म्हणाला. "पण पोरां स्टेटस ठेवतत. लाल गणपती दिसलो तर सुनेच्या म्हायारचे काय म्हणतले?"

तो केरीला गेला. त्याच्यामागून बाकीचे गेले. साईशच्या मूर्ती एका साच्यातल्या, डोळे एकाच ठशाचे, आणि सवलतीमुळे नोंदलेलाही तोच ठसा. एक नोंदली की सगळ्या जुळणार, शंभरात शंभर. हाताने केलेल्या वस्तूंचा दोषच असा की त्या एकमेकींसारख्या नसतात. प्लास्टरच्या मूर्तीला बूड तिचं स्वतःचंच, त्यामुळे पाट लागला नाही. तो परत मागायची लाज वाटली, म्हणून कुणी मागितला नाही.

दिवेलागणीला मागच्या दाराने सर्वेश आला. गळ्यात ओळखपत्र नव्हतं, फोन स्कूटरच्या डिकीत ठेवून आला होता. "आजोबांपासून पाट इथेच येतो," तो पुटपुटला. "फक्त कृपा करून हे नोंदीत घेऊ नका."

"माझ्याकडे नोंद खंय? पाट आसा तो पुरे."

सर्वेशने गणपती डोक्यावर घेतला. उंबऱ्याशी थांबला. "बाब, डोळे बरोबर आलेत."

"तुझ्या कायद्यान फसवणूक आसा ती. जपून घेवन जा," सदाशिवबाब म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

त्या साली सदाशिवबाब एकेचाळीस गणपतींचे यजमान झाले. कमलाक्षीवहिनींनी एकच नैवेद्य सगळ्यांना मिळून दाखवला आणि हात जोडून सांगितलं, "देवांनो, वाटून खावा." दीड दिवसाने दोघांनी एकेक करत सगळ्या मूर्ती नदीत सोडल्या. माती होती, पाण्यात मिसळली. पाचव्या दिवशीचं विसर्जन झालं आणि केरीच्या समुद्राने मात्र प्लास्टर नाकारलं. सकाळी वाळूत गणपती पडले होते, कुणाची सोंड तुटलेली, कुणाचा हात गेलेला. कुणीतरी फोन धरून पाहिला. खूण अजून हिरवीच होती.

कक्षाचा वार्षिक अहवाल आला आहे. त्यात म्हटलंय की तालुक्यात एकही अनोळखी दृष्टी आता शिल्लक नाही.

आता उठा, आरतीची वेळ झाली. फोन वर धराल, धरा. मी कोण अडवणार? पण त्याआधी एक सांगतो. सदाशिवबाबांनी ते एकेचाळीस पाट धुऊन, पुसून ठेवले आहेत. वरच्या फळीवर वीस, खालच्या फळीवर एकवीस. खालच्या फळीवरचा डावीकडून तिसरा पाट, ज्याचा कोपरा एका साली समईची वात कलंडून जळला होता, तो ओळखलात का? नाही? मग घरी जाऊन माळ्यावर शोधा. सापडायचा नाही, कारण तो त्या फळीवर आहे.

सदाशिवबाब म्हणतात, माणसं विसरतात, येतील न्यायला. आता आरतीच्या टाळीसाठी तळहात एकावर एक टेकतील, त्या क्षणी त्या माणसाची आठवण ठेवा. तो तुमचा पाट रोज पुसतो आहे.