बुडबुडा मधात

माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला, भटजींनी घसा साफ केलेला, लोकांच्या मुठीत अक्षता, आणि तेवढ्यात मांडवातून एक माणूस तरातरा पुढे आला. त्यानं कोटाच्या खिशातून वीतभर लांबीची पितळी पाणसळ काढली, माझ्या पाटावर ठेवली, गुडघे टेकले, एक डोळा मिटून त्यात पाहिलं आणि ओरडला, "थांबा जी! नवरदेवाचा पाट अर्धा सूत खाली हाय!"

मी उडालोच. पाणसळ म्हणजे गवंडी लोकांची ती पट्टी हो, काचेच्या नळीवाली. नळीत पाणी, पाण्यात एक बुडबुडा. तो मधोमध थांबला की जागा सपाट, नाही थांबला तर ज्या बाजूला पळाला ती बाजू उंच. माझ्या पाटावर तो पळाला होता, अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग. सासरे लालबुंद झाले. मामा बाह्या सारून पुढे आले. पण त्या माणसाला कुणाची पर्वा? त्यानं तबकातलं विड्याचं पान उचललं, घडी घालून माझ्या पाटाखाली सारलं, पुन्हा पाहिलं आणि भटजींना परवानगी दिली, "बुडबुडा मधात! म्हना आता."

आजही आमच्या घरी काही बिनसलं की बायको म्हणते, "पाटच वाकडा होता. त्या भल्या माणसानं सांगितलं होतं."

हे आमचे उकंडराव. आमच्या औद्योगिक वसाहतीच्या ऑफिसचे मिस्त्री आणि बोरगाव मेघेत भिंतीला भिंत लागून माझे शेजारी. घरात नवराबायको दोघंच. उकंडराव हे नाव ऐकून शहरातले लोक हसतात, म्हणून सांगून ठेवतो. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. चौथा झाला तेव्हा आईबापांनी त्याला उकिरड्यावर नेऊन लोळवलं आणि नाव ठेवलं उकंडा. कचऱ्याला कोण दृष्ट लावणार? पोरगा जगला. "माह्या मायबापाची हुशारी पाहा," असं ते छाती पुढे काढून सांगायचे.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेलो तर ताटाखाली पाणसळ! वरण एका बाजूला पळतं म्हणे. खाटेच्या एका पायाखाली चकती, देव्हाऱ्याखाली चकती. पारबताबाई, म्हणजे त्यांची बायको, पोळी वाढता वाढता मला म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसाले उद्योग पायजे ना? या मानसाचे नसते उद्योग पाहा अन् घेऊन जा एक दिवस. एखाद्या दिवशी थे पितळी भूत मी हिरीत टाकतो."

केळझरच्या गणपतीला गेलो तर तिथंही तेच. लोक पायरीला हात लावून कपाळाला लावत होते आणि आमचे महाराज पायरीवर पाणसळ मांडून पालथे पडलेले. पुजारी धावून आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उकंडराव उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "जुन्या लोकाईचं काम. तिळाएवढा फरक नाई. नमस्कार करा, बाबू." मग केला मी बिचाऱ्यानं.

आता आमचं ऑफिस काय होतं ते सांगतो. देवळी रस्त्यावर सरकारनं पडीत जमीन घेऊन औद्योगिक वसाहत करायची ठरवली होती. योजना अशी की कारखानदार येण्याआधी जागा सरकारनंच तयार करून ठेवायची. जमीन सपाट करायची, रस्ते टाकायचे, नळ द्यायचा, विजेचे खांब रोवायचे, म्हणजे मुंबई-पुण्याचा पैसेवाला इकडे वळेल. वर त्याला सवलती. या सवलती फक्त मागास तालुक्यांना मिळत. ज्या दिवशी आपला तालुका मागास यादीत आल्याचं पत्र आलं, त्या दिवशी उकंडराव टेबलाटेबलावर पेढे वाटत फिरले. "घ्या, घ्या, आपन मागास झालो!" अहो, पोरगा पहिला आला म्हणून पेढे वाटतात, नोकरी लागली म्हणून वाटतात. मागास झालो म्हणून पेढे वाटणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मी पेढा हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

आणि मग हा माणूस कामाला लागला. सत्तावीस भूखंड. प्रत्येकावर हातात पाणसळ आणि डोळ्यापुढे ताणलेली दोरी घेऊन उन्हातान्हात तो फिरायचा. कोपऱ्यांचे दगड स्वतः रोवायचा, स्वतः चुना लावायचा. मजुरांनी टेकाड कापलं की हा पालथा पडून पाहायचा आणि हात उंचावायचा, "मधात!" वर्षभरात अशी जमीन झाली की गोटी ठेवली तर जागची हलू नये.

कारखाना मात्र एक येईना. कारखानदाराला आमच्या ऑफिसात 'पार्टी' म्हणत. पार्टी येणार, पार्टी येणार, असं ऐकत आम्ही वर्षांमागून वर्षं काढली. आमच्या कोऱ्या रस्त्यांवर गावच्या बाया तुरी वाळवायच्या, खांबांना बकऱ्या बांधायच्या. उकंडराव सायकलवरून ओरडत जायचे, "उचला वं बायाहो, पार्टी येऊन राह्यली!" बायांना पाठ झालं होतं. त्या म्हणायच्या, "येऊ दे ना भाऊ, तिच्याइ पुढे घुगऱ्या ठेवतो."

एकच गोष्ट मला कळायची नाही. सत्तावीसपैकी सव्वीस भूखंड आरशासारखे आणि सतरा नंबरमध्ये, थेट रस्त्याच्या कडेला, हातभर उंचीचं एक टेंगूळ तसंच. दर वर्षी अहवालात उकंडराव त्यापुढे लिहायचे, 'काम प्रगतिपथावर.' मी विचारलं, "मिस्त्री, दोन मजूर लावले तर अर्ध्या दिवसाचं काम. प्रगतिपथ किती लांब आहे?" ते म्हणायचे, "होते जी, होते." पाटाच्या अर्ध्या सुतासाठी माझं लग्न थांबवणारा माणूस, आणि हातभर टेंगळाकडे पाहायला तयार नाही! मी समजलो, वय झालं.

शेवटी पार्टी आली. खरीखुरी. नागपूरचे एक शेठ, सरकीच्या तेलाचा कारखाना काढणारे. साहेबांची जीप पुढे, शेठची गाडी मागे. उकंडरावांनी रस्त्यावर पाणी शिंपडलं, पोहे केले, शेठच्या हातातली बशी वाकडी आहे हे सांगायचाही मोह कसाबसा आवरला. शेठ सगळी वसाहत फिरले आणि काठी टेकून उभे राहिले ते सतरा नंबरपुढे. "ये चाहिये. रोड का कोना है." टेंगळाकडे काठी दाखवून म्हणाले, "मगर ये साफ होना. सरकार बोलती है जगा तयार मिलेगी, तो तयार दो. पंधरा दिन. नहीं तो हमको दूसरे जिल्हे में बुला रहे हैं."

साहेब तिथल्या तिथे म्हणाले, "सोमवारी बुलडोझर लावा. आणि मिस्त्री, ही पार्टी गेली तर वसाहत बंद करायचं पत्र वर तयार आहे, हे लक्षात ठेवा. मग तुम्हीही घरी."

मी उकंडरावांकडे पाहिलं. पोह्यांची परात त्यांच्या हातात होती आणि ती वाकडी झाली होती. पोहे सांडत होते. त्यांना कळत नव्हतं.

सोमवारी दुपारी साहेबांचा निरोप घेऊन मी सायकलनं गेलो. बघतो तर काय! बुलडोझर बंद, ड्रायव्हर सावलीत बिडी ओढतोय, आणि आमचे मिस्त्री टेंगळावर मांडी घालून बसलेले. माझं डोकंच फिरलं. "मिस्त्री, वेड लागलं का? काम कुठवर आलं म्हणून साहेबांनी विचारलंय! वीस वर्षांनी एक कारखाना येऊन राह्यला, देवळीची पोरं कामाला लागतील, आणि तुम्ही मातीच्या ढिगावर बसून राह्यले? तुमची नोकरी जाईल, माझी जाईल! काऊन पण, कशासाठी?"

ते पाणसळ मांडीवर उलटीसुलटी करत राहिले. मग म्हणाले, "बाबू, इथं आमची सुवर्णा हाय."

मला आधी समजलंच नाही. मी इकडे तिकडे पाहिलं.

"दात यायचे होते अजून," ते म्हणाले. "अशा लेकरांले जाळत नाई. आमच्या गावाची लेकरं नाल्याच्या पलीकडं पुरतात. त्या दिवशी नाल्याले पूर. मी तिले घेऊन थडीवर उभा राह्यलो, उभा राह्यलो. पानी उतरेना. मंग इथं अलीकडंच ठेवलं. तवा पडीत होतं हे सारं."

मी सायकल आडवी टाकली आणि खालीच बसलो. इतकी वर्षं मी या माणसाच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो. खाटेखालची चकती मला माहीत होती, ताटाखालची पाणसळ माहीत होती. हे माहीत नव्हतं.

"मले उकिरड्यावर लोळवून वाचोलं मायबापानं," ते म्हणाले. "पोरगी झाली तवा पारबती म्हने, आपन नाव चांगलं ठेवू. म्या म्हटलं, ठेवू. थेच चुकलं, बाबू. धोंडी म्हटलं असतं, कचरी म्हटलं असतं, तं आज..."

ड्रायव्हर लांबून आमच्याकडे पाहत होता.

"मग इथे कारखाना आला तर?" मी विचारलं. "पाया खणतील ना हो इथं."

"नाई खनत," ते एकदम मिस्त्रीच्या आवाजात म्हणाले. "नियम हाय. रस्त्याकडली दहा हात जागा मोकळी सोडा लागते. तिथं पाया येत नाई. दगड मीच रोवले ना? तेवढं पाहूनच रोवले. वरून काई जाऊ द्या, तिचं काई नाई. फकत कापू नोका. बुलडोझर दीड हात खाली जाते. मी मोजलं हाय."

मी बसल्या जागी त्या माणसाकडे पाहत राहिलो. सत्तावीस भूखंडांचा नकाशा या पोरीभोवती आखला होता आणि आम्ही सगळे त्यावर सह्या करून मोकळे झालो होतो.

मग मलाच सुचलं. म्हटलं, "मिस्त्री, टेकाड कापूनच जमीन सपाट होते का?"

त्यांनी मान वर केली. मी नाल्याकडे बोट दाखवलं. नाला खोल केला होता तेव्हाचा मुरूम तिथं ढिगानं पडून होता, कुणी विचारत नव्हतं. "टेंगूळ खाली आणता येत नसेल तर जमीन वर आणा."

उकंडराव उठले. धोतर खोचलं. त्या दिवसापासून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. ज्या नाल्यानं तिला पलीकडे जाऊ दिलं नव्हतं त्याचाच मुरूम. आणि फायलीत मी लिहिलं, 'सदर भूखंडात पावसाचे पाणी साचत असल्याने भराव करणे आवश्यक.' माझ्या नोकरीतलं पहिलं खोटं. पण अक्षर चांगलं आलं.

चौदाव्या दिवशी साहेब आले आणि जीपमधून उतरताच किंचाळले, "हे काय केलं? कापायला सांगितलं होतं, तुम्ही चबुतरा बांधून ठेवला!" मी फाईल पुढे केली. साहेब आणखी भडकणार, तेवढ्यात शेठ काठी टेकत वर चढले, इकडून तिकडे चालले आणि म्हणाले, "वा! बारिश में माल भीगेगा नहीं. ये किसने सोचा?" साहेब लगेच म्हणाले, "आमचा तसा विचार होताच." आणि सही केली.

गाड्या गेल्या. उकंडराव रस्त्याकडच्या कोपऱ्यात गेले, गुडघे टेकले, पाणसळ जमिनीवर ठेवली. पण एक डोळा मिटून पाहिलं नाही. दोन्ही मिटले.

"तुमी पाहा, बाबू. मले दिसत नाई."

मी पालथा पडलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या नळीत पाहिलं. बुडबुडा मधात नव्हता. अर्धा सूत सरकला होता, कोपऱ्याकडे, तिच्या बाजूला.

"मधात आहे," मी म्हणालो.

"मंग झालं," ते म्हणाले, आणि पाणसळ आत न पाहताच खिशात घातली. "पारबतीले तुमीच सांगजा. माह्या तोंडून निघनार नाई."

पारबताबाई दारातच उभ्या होत्या. मी सायकल लावली आणि म्हणालो, "काकू, झालं. कुणी हात लावला नाही तिला."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग विचारलं, "तिच्या अंगावर उलशीक, थोडी जास्त माती ठेवली ना त्यायनं? म्या सांगतलं होतं."

"हो काकू," मी म्हणालो. "अर्धा सूत."